वर्षाची हळद कुठून घ्यावी? कर्क्युमिन जास्त असलेली हवी (बजेट किलोला ३०० रुपये)

मुग्धा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आजवर वर्षाची हळद सासूबाई गावाहून आणायच्या, यंदा त्यांना प्रवास झेपणार नाही. आम्हाला दोन किलो पुरते. हळकुंडं आणून कुटून घ्यावीत की तयार पूड घ्यावी? सासूबाईंचे गुडघे दुखतात, रोज रात्री हळदीचं दूध घेतात, म्हणून कर्क्युमिन (हळदीतला गुणकारी मानला जाणारा पिवळा घटक) जास्त असलेली मिळाली तर बरं. त्यांना रक्त पातळ होण्याची गोळीही चालू आहे, त्यामुळे काही फरक पडतो का? बजेट किलोला ३०० रुपये. त्याच्या वर नाही.

कृष्णाकाठ
सांगली! दुसरीकडे बघूच नका. राजापुरी जातीची हळकुंडं घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. आमच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात कितीतरी पेवं कायमची गेली, त्याचं दुःख आजही आहे. नवा माल बाजारात आला की आमच्याकडे पोतं येतं. पुडीतली हळद आम्ही घरात घेत नाही.

डोंगरवाट
कर्क्युमिन हवंय ना? मग मेघालयातली लाकाडोंग. जैंतिया टेकड्यांत होते, ७ टक्क्यांच्या आसपास कर्क्युमिन. आपल्या नेहमीच्या हळदीत ३-४ असतं. मी ९०० रुपये किलोने मागवतो. भाजीला निम्मीच लागते, त्यामुळे महाग पडत नाही.

मुग्धा_डोंबिवली
काका, ३०० चं बजेट आहे हो.

सेलूकर
वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीचं नावच नाही कुणी घेत! समुद्रपूर तालुक्यातली ही हळद, जीआय २०१६ सालचं, म्हणजे सांगलीच्या आधीचं. रंग बघाल तर गडद. विदर्भाचं काही म्हटलं की पुण्यामुंबईच्या लोकांना दिसतच नाही.

कृष्णाकाठ
आधी-नंतरचा प्रश्न नाही. पेठ कुणाची मोठी ते बघा.

आप्पा_सदाशिव
दुधात मिऱ्याची पूड घाला, नाहीतर सगळं वाया. आणि या हळदीसाठी आपण अमेरिकेशी भांडलोय हे विसरू नका. त्यांनी हळदीचं पेटंट घेतलं होतं, डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने ते रद्द करून घेतलं.

रसायनशाळा
आप्पा, पेटंट हळदीचं नव्हतं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर होतं, १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाला मिळालेलं. आपल्याकडे हा वापर पिढ्यान्‌पिढ्या होता हे जुन्या ग्रंथांतून दाखवल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं.

आता मूळ प्रश्न. चहाचा चमचाभर हळद साधारण ३ ग्रॅम. ३ टक्क्यांची असेल तर त्यात ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन, ७ टक्क्यांची असेल तर २१०. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे कर्क्युमिन रक्तात २० पट जातं, असं जे सगळीकडे लिहितात ते बंगळुरूच्या १९९८ सालच्या चाचणीवरून. त्यात लोकांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं होतं. तेवढं कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या हळदीतून मिळवायचं तर एका वेळी ६५ ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल. दुधातल्या चमचाभर हळदीत टक्केवारीसाठी तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. ते पैसे शुद्धतेवर घाला. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. त्यामुळे साय न काढलेलं दूध किंवा फोडणीतलं तेल उत्तम. शिवाय वास येतो तो हळदीतल्या तेलाचा, कर्क्युमिनचा नाही. जुन्या पुडीचा रंग राहतो, वास उडालेला असतो. वास घेऊन मगच घ्या.

नेहा_गोरेगाव
शुद्धतेबद्दल अगदी बरोबर. आम्ही आठवडी बाजारातून सुटी हळद घेतली होती, इतकी पिवळी की बघत राहावं. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकली तर सगळं पाणी गर्द पिवळं झालं आणि तसंच राहिलं. चांगली हळद तळाशी बसते, वरचं पाणी फिकट राहतं. सगळी फेकून दिली. हळद चमकवायला लेड क्रोमेट लावतात, म्हणजे शिसं असलेला रंग. घरात लहान मूल असेल तर हा धोका अजिबात पत्करू नका.

कृष्णाकाठ
म्हणून तर हळकुंडं म्हणतोय.

नेहा_गोरेगाव
हळकुंडांनाही वरून लावतात, दादा. तीही पाण्यात टाकून बघायची. लगेच रंग सुटला तर नको.

फिट_प्रशांत
हळद बिळद सोडा, ९५ टक्के कर्क्युमिनच्या कॅप्सूल घ्या, सोबत पायपरिन. मी रोज दोन घेतो, पळायला जातो, गुडघा एकदम टकाटक.

औषधी_दुकान
प्रशांत, तुमचं वय आणि त्यांच्या सासूबाईंचं वय वेगळं. रक्त पातळ होण्याच्या गोळीवर असलेल्या माणसाने अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. पायपरिनमुळे इतर औषधंही शरीरात जास्त प्रमाणात राहू शकतात. इटलीत २०१९ साली अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची प्रकरणं पुढे आली होती. मुग्धाताई, जेवणातली हळद चालते. रोजचं दूध मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. आप्पांचं मिरंही त्यांना विचारूनच. मुतखडा होऊन गेला असेल तर तेही सांगा, हळदीत खडा व्हायला कारण ठरणारं ऑक्झलेट बरंच असतं.

आप्पा_सदाशिव
माझी आई नव्वदीपर्यंत मिरं घालून प्यायची.

सेलूकर
वायगावची मागवायची असेल तर मला निरोप टाका.

मुग्धा_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: हळकुंडं नाही, लाकाडोंग नाही, वर्षाचा साठाही नाही. आमच्या घराला ऊन नाही, जवळ हळद कुटून देणारा डंक नाही, आणि पावसाळ्यात सगळ्याला दमटपणा येतो. त्यामुळे अ‍ॅगमार्कचा शिक्का असलेली २०० ग्रॅमची पाकिटं लागतील तशी आणणार, प्रत्येक पाकीट आधी पाण्यात टाकून बघणार. आज डॉक्टरांशी बोलले. दूध अर्धा चमचा हळदीवर ठेवा, मिरं नको, कॅप्सूल तर नकोच, असं म्हणाले.

कृष्णाकाठ
पुडीची हळद! निदान पुढच्या मार्चमध्ये कळवा, दोन किलो मीच पाठवतो.

रसायनशाळा
पाकिटावर पॅकिंगची तारीख जवळची बघा. उघडल्यावर काचेच्या पारदर्शक बरणीत भरून ओट्यावर ठेवू नका, उजेडाने कर्क्युमिन कमी होतं. स्टीलचा डबा, बंद कपाटात.