मदत हवी आहे: सेसना 172, एकटीने उतरताना अप्रोचचा (धावपट्टीकडे येतानाच्या शेवटच्या टप्प्याचा) वेग किती ठेवावा?

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, विमान चालवायला शिकतेय, सध्या सुट्टीत घरी आले आहे. परत गेल्यावर पहिला सोलो (इन्स्ट्रक्टरविना एकटीने उड्डाण) आहे. इथे कुणी वैमानिक असतील तर कृपया सांगा.

विमान 172एस. विमानाच्या पुस्तकात पूर्ण फ्लॅपला (पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण खाली सोडल्यावर) 60 ते 70 नॉट दिलेत, आखूड धावपट्टीला 61. आम्हाला 65 शिकवलंय. सीनियर मात्र म्हणतात, ‘पाच-दहा जास्तच ठेव, स्टॉलची काळजी नको.’ स्टॉल म्हणजे वेग फार घटून पंखांची उचल सुटणं. पण मला त्यांचं म्हणणं पटत नाही. 65 च्या जागी 75 ने आलं की ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. विमान रनवेवर तरंगत राहतं, आणि घाईने टेकवायला जावं तर नाकाचं चाक आधी आपटतं.

माझी खरी अडचण वजनाची आहे. आखूड धावपट्टीचा तो 61 चा आकडा 1157 किलोचा, म्हणजे भरलेल्या विमानाचा. इन्स्ट्रक्टर उतरले आणि टाक्या अर्ध्या असल्या की आमचं विमान 900 किलोच्या आसपास येतं. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, म्हणजे साधारण 12 टक्के. त्या हिशोबाने 65 चे 57 होतात! मग एकटीला 65 सुद्धा जास्तच नाही का? की पहिल्या सोलोला हाताला बसलेला आकडा सोडू नये आणि थोडं तरंगणार हे धरूनच चालावं?

दुसरं, 1.3 चा हिशोब, म्हणजे अप्रोचचा वेग स्टॉलच्या वेगाच्या 1.3 पट ठेवायचा. वेगाच्या काट्यावरची पांढरी पट्टी (तिची सुरुवात म्हणजे पूर्ण फ्लॅपचा स्टॉल) 40 पासून सुरू होते म्हणून काही जण 1.3 ने गुणून 52 काढतात. मला हे धोक्याचं वाटतं, कारण स्टॉलजवळ काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. कॅलिब्रेटेड (काट्याची चूक काढलेला) स्टॉल 48 आहे, त्यावरून 62 येतात. बरोबर ना?

आणि आपल्याकडचा उन्हाळा. ओझर, म्हणजे नाशिकचा विमानतळ, सुमारे 1,900 फुटांवर. एप्रिलच्या दुपारी 39 अंशांत डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ, त्या हिशोबाची उंची) 5,000 फुटांच्या वर जाते. काट्यावर 65 च ठेवायचे, पण वारा नसेल तर जमिनीवरून आपण 70 ने धावत असतो. ओझरला तीन किलोमीटरची धावपट्टी आहे, तिथे निभावेल. पण डोळ्यांना वेग जास्त वाटला की हात आपोआप नाक वर ओढतो. ही सवय तुम्ही कशी मोडलीत?

झोताच्या वाऱ्यात झोत आणि एरवीचा वारा यांतल्या फरकाचा निम्मा वेगात वाढवायचा, ते ठाऊक आहे. मला शांत हवेतला आकडा हवाय. अंतिम निर्णय इन्स्ट्रक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी माझा हिशोब कुणीतरी तपासून द्या.