मदत हवी आहे: दंडघेर एक सांगतो, वजन-उंची दुसरंच

नमस्कार. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांची कुपोषणासाठी तपासणी करते. एक कोडं सुटत नाहीये.

एका चार वर्षांच्या मुलाचा दंडघेर (दंडाच्या मध्याचा घेर) १२८ मिमी भरला, म्हणजे रंगीत मोजपट्टीवर हिरवा, ठीक. पण उंचीच्या मानाने वजन काढलं तर -३ झेड स्कोअरच्याही (निरोगी मुलांच्या मध्यापासून वजन किती दूर, ते सांगणारा आकडा) खाली! दुसरीकडे आठ महिन्यांची मुलगी: दंडघेर ११३, थेट लाल, वजन-उंची मात्र ठीक. ११५ मिमीच्या खाली किंवा -३ च्या खाली, यातलं एक जरी असलं तरी तीव्र कुपोषित धरायचं, हे मला माहीत आहे. म्हणून दोघांनाही पुढे पाठवलं. पण सोबतचे म्हणतात, "पट्टी हिरवी आहे ना, मग कशाला?" त्यांना पटेल असं कसं समजवायचं?

दुसरी शंका मोजणीचीच. डाव्या दंडाचा मध्य खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मोजूनच काढते, तरी रडणारं मूल हात ताठ करतं आणि दोन मापांत ४-५ मिमीचा फरक येतो. ११५ च्या आसपास तेवढ्यानं सगळा निकाल फिरतो. सरासरी घ्यावी की मूल शांत झाल्यावर पुन्हा मोजावं? (पट्टी घट्ट आवळायची नाही, हे शिकायलाच मला महिना लागला.)

आणि हो, दोन्ही पावलांवर सूज असेल तर मापं काहीही येवोत, मी थेट पुढे पाठवते. बरोबर ना?

प्रत्यक्ष मोजणाऱ्यांनी कृपया सांगा.