प्रवाळावर ओतलेली वाळू आणि समुद्रावरचा हक्क

खलाशी

सिंगापूर सोडून हाँगकाँगकडे निघालं की दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला नकाशावर एक मोठा पट्टा येतो. त्यावर 'डेंजरस ग्राउंड' असं छापलेलं असतं. आमच्या कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाला खडप म्हणतात. तसली असंख्य खडपं तिथं पाण्याखाली दडलेली आहेत. व्यापारी जहाज त्यात शिरत नाही, पश्चिमेकडून वळसा घालून पुढे जातं. मी अनेक वर्षं त्या वाटेनं ये-जा केली. रात्रपाळीत क्षितिजावर माकूळ पकडणाऱ्या होड्यांचे पांढरेफेक दिवे दिसायचे, इतके की समुद्रात गाव वसलंय असं वाटावं. कुठली होडी कुठल्या देशाची हे दिव्यावरून कळायचं नाही.

हेच दक्षिण चिनी समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांचं पाणी. २०१३ च्या अखेरीपासून चीननं इथल्या सात खडपांवर भराव टाकायला घेतला. कटर लावलेला ड्रेजर प्रवाळ फोडतो, वाळू आणि चुरा पाण्यासकट पंपानं ओढतो आणि तरंगत्या पाइपातून खडपावर ओततो. मागून बुलडोझर, मग समुद्राकडून भिंत, मग काँक्रीट. दोन वर्षांत जवळजवळ १३ चौरस किलोमीटर जमीन तयार झाली. फिअरी क्रॉस, सुबी आणि मिस्चिफ या तिन्हींवर लढाऊ विमानं उतरतील अशा धावपट्ट्या आहेत, फिअरी क्रॉसची तर ३ किलोमीटरची. सप्टेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये उभं राहून सांगितलं होतं की या बेटांचं लष्करीकरण करण्याचा आमचा इरादा नाही. आज तिथं रडार, हँगर आणि क्षेपणास्त्रं आहेत.

मला धावपट्टीपेक्षा मिस्चिफचा खडक जास्त सलतो. तो भरतीत पूर्ण बुडायचा. फिलिपिन्सच्या पलावानपासून तो सुमारे १२५ सागरी मैलांवर, चीनच्या हैनानपासून सुमारे ६०० मैलांवर. १९९५ मध्ये चीननं तिथं खांबांवर खोल्या उभारल्या आणि मच्छीमारांच्या आसऱ्यासाठी आहेत म्हणून सांगितलं. सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथले मासे आणि तेल किनाऱ्याच्या देशाचं त्या पाण्यात, कृत्रिम बेट बांधायचा हक्क फक्त त्या किनाऱ्याच्या देशाला आहे, आणि बांधलेल्या बेटाला स्वतःचा समुद्र मिळत नाही. करारावर चीनची सही आहे. फिलिपिन्सनं नेलेल्या दाव्यात १२ जुलै २०१६ ला हेगच्या लवादानं नेमकं हेच सांगितलं. जवळजवळ सगळ्या समुद्रावर हक्क सांगायला चीन दाखवतो त्या नऊ तुटक रेषांच्या नकाशाला कायद्याचा आधार नाही, हेही सांगितलं. चीन सुनावणीला गेलाच नाही आणि निवाडा रद्दबातल आहे म्हणाला.

माझं म्हणणं सरळ आहे. वाळू ओतून समुद्रावर मालकी मिळते, हे एकदा चालवून घेतलं की जगातल्या प्रत्येक दुबळ्या किनाऱ्याचं पाणी काढून घेता येईल. भारतानं हे स्पष्ट आणि वारंवार बोललं पाहिजे.

नाणेघाट

खलाशी, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, चित्र अर्धंच आलंय. त्या पाण्यात बांधकाम करणारा चीन शेवटचा आहे. फिलिपिन्सनं पागआसा बेटावर १९७० च्या दशकातच धावपट्टी केली. मलेशियानं १९८३ मध्ये स्वॉलो रीफ ताब्यात घेतलं, भराव टाकला, धावपट्टी केली, आज तिथं डायव्हिंगचं रिसॉर्टसुद्धा आहे. इटू अबा बेट तैवानकडे. सर्वांत जास्त ठिकाणं व्हिएतनामकडे, आणि २०२१ पासून त्यानं भरावाचा असा सपाटा लावलाय की त्याची जमीन चीनच्या निम्म्याहून जास्त झाली. त्यावर कुणी ओरडताना दिसतं का?

चीनच्या जागी बसून बघा. त्याचं तेल आणि निर्यातीचा माल त्याच पाण्यातून जातो. दाराशी दुसऱ्या महासत्तेचं आरमार फिरतं, आणि त्या महासत्तेनं स्वतः सागरी कायद्याच्या कराराला आजवर मान्यता दिलेली नाही. अशा वेळी कुठला देश हात बांधून बसेल? लवादाकडे ना पोलीस, ना जहाज. खांदेरीचंच घ्या. १६७९ मध्ये महाराजांनी तिथं तटबंदी घातली तेव्हा मुंबईचे इंग्रज बेट आमचं म्हणत होतेच, गलबतं घेऊन चालूनही आले. महाराज थांबले नाहीत म्हणून खांदेरी राहिली. समुद्रावर जो पाय रोवतो त्याचंच चालतं, हे आपल्याला तरी नव्यानं शिकायची गरज नाही.

प्रवाळ

दोघेही बेट, धावपट्टी, मैल याबद्दल बोलताय. खाली काय होतं ते सांगते, कारण माझा अभ्यास प्रवाळाचा आहे.

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याला सूर्यप्रकाश मिळाला तर ते अन्न करतं आणि प्रवाळ जगतं. ड्रेजरनं उठवलेला गाळ आधी तो प्रकाश अडवतो, मग बारीक चुरा होऊन प्रवाळाच्या तोंडावर बसतो. पहिले काही दिवस प्रवाळ चिकट स्राव सोडून तो चुरा झटकत राहतं. गाळ थांबला नाही तर त्याची शक्ती संपते. म्हणजे भरावाखाली गेलेलं तर मेलंच, पण प्रवाहाबरोबर गाळ जिथवर पोचतो तिथवरचंही मरतं. कटरनं फोडलेला चुनखडीचा थर तयार व्हायला हजारो वर्षं लागलेली असतात. तो परत लावता येत नाही.

भरावाच्या आधीही तिथं एक भयंकर प्रकार चालायचा. महाकाय शिंपले उपटायला चिनी मच्छीमार होडी नांगरून पंखा प्रवाळावर फिरवायचे. वर्तुळाकार ओरखडे उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसतात. लवादानं तज्ज्ञांचे अहवाल घेऊन या दोन्ही गोष्टींसाठी चीनला जबाबदार धरलं.

नाणेघाट, व्हिएतनामबद्दल तुमचं बरोबर आहे. आता त्यांचे ड्रेजरही तेच कटर वापरतात. मी तेही तितकंच वाईट म्हणते. पण "दुसऱ्यानंही केलं" हे ऐकून समुद्राच्या तळाशी काही फरक पडत नाही.

खलाशी

नाणेघाट, आधी खांदेरी. ती खडकाळ टेकड्यांचं खरं बेट आहे, कितीही भरती आली तरी बुडत नाही, आणि थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की नुसत्या डोळ्यांनी दिसते. मिस्चिफ हैनानवरून दिसत नाही. आणि सतराव्या शतकात समुद्राचा कुठलाही सामायिक करार नव्हता. इथं आहे, आणि चीननं तो स्वतः होऊन मान्य केलाय.

आता "लवादाला कोण विचारतं" याबद्दल. आपण विचारलं होतं. १९७० च्या चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी एक वाळूचं बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्बाशा म्हणायचो, बांगलादेश दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये आपण तिथं नौदलाचं जहाज पाठवलं, झेंडाही लावला. पुढे समुद्रानं ते बेट गिळलं. २०१० पर्यंत त्याचा मागमूस राहिला नव्हता. हद्दीचा वाद मात्र राहिला. ७ जुलै २०१४ ला लवादानं वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला दिले. आपण नेमलेल्या पंचांनी बहुमताच्या विरोधात मत दिलं, तरीही भारतानं निवाडा मानला. समोरचा देश आपल्यापेक्षा कितीतरी लहान होता. ड्रेजर आपल्याकडेही होते.

मी त्या वेळी जहाजावर होतो. फिलिपिनो बोसननं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं, मेसमध्ये बातमी वाचून मला विचारलं, "तुम्ही खरंच देऊन टाकलं?" मी हो म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा मासा वाढला. त्याचं गाव पलावानला. म्हणून म्हणतो, या विषयावर बोलायचा अधिकार आपण कमावलेला आहे. २०२३ मध्ये भारत-फिलिपिन्सच्या संयुक्त निवेदनात २०१६ चा निवाडा पाळा असं म्हटलं गेलं, ते योग्यच झालं. फक्त सात वर्षं उशिरा.

सागरगड

नौदलात होतो, एवढंच सांगतो. "ही बेटं युद्धात टिकणार नाहीत, दोन दिवसांत धावपट्ट्या उखडतील" असं बरेच जण म्हणतात. ते बहुतेक खरं आहे. जागचा हलत नाही असा तळ म्हणजे शत्रूला आधीच माहीत असलेला पत्ता.

पण हे तळ युद्धापेक्षा शांततेच्या काळासाठी आहेत, हे विसरू नका. हैनानवरून गस्तीला निघालेल्या जहाजाला इंधन, पाणी, माणसांची बदली यासाठी परत फिरावं लागायचं. आता तटरक्षक दलाची जहाजं आणि 'मासेमारी' करणाऱ्या निमलष्करी होड्या महिनोन् महिने तिथंच राहतात. मिस्चिफपासून जवळच सेकंड थॉमस शोल हे उथळ खडप आहे. १९९९ मध्ये फिलिपिन्सनं तिथं दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं जहाज, सिएरा माद्रे, मुद्दाम रुतवून ठेवलं. गंजून चाळण झालेल्या त्या जहाजावर मूठभर सैनिक राहतात. त्यांना शिधा पोचवणाऱ्या होड्यांवर पाण्याचे फवारे मारले गेले. १७ जून २०२४ ला चिनी जवान कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन त्यांच्या रबरी होड्यांना भिडले. एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. गोळी एकही सुटली नाही. मिस्चिफच्या बंदराचा उपयोग तो हा.

आणि प्रत्येक वेळी दोष एका बाजूनं मोजू नये. १९८८ मध्ये जॉन्सन साउथ रीफवर चिनी गोळीबारात व्हिएतनामचे ६४ जण मेले. तो घाव उराशी असलेला देश आज स्वतःचे तळ का वाढवतोय, हे मला समजतं.

नाणेघाट

सागरगड, तुमचं पटलं. युद्धापेक्षा शांततेतला दबाव मोठा, हे मी मानतो.

पण खलाशींचा "भारतानं वारंवार बोलावं" हा आग्रह मला घातक वाटतो. एप्रिल २०२१ आठवा. अमेरिकेची युद्धनौका जॉन पॉल जोन्स लक्षद्वीपच्या पश्चिमेला, सुमारे १३० सागरी मैलांवर, आपल्या आर्थिक क्षेत्रात शिरली आणि परवानगी मागितली नाही असं जाहीरही केलं. आपण निषेध नोंदवला, कारण परक्या देशानं आपल्या आर्थिक क्षेत्रात लष्करी सराव करायला आपली संमती हवी, अशी भारताची भूमिका आहे. या एका बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा चीनच्या जवळ बसतो. उद्या कायद्याच्या नावानं आपण अमेरिकेच्या रांगेत उभे राहिलो तर तोच कायदा आपल्या दारात येऊन उभा राहील.

आणि हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियाचं काय? ब्रिटननं १९६५ मध्ये चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, तिथली माणसं हाकलली आणि त्यातलं दिएगो गार्सिया तळासाठी अमेरिकेला दिलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं आपल्या सल्लागार मतात हा ताबा बेकायदा ठरवला. अमेरिकी तळ हलला? मिस्चिफवर निदान कुणी राहत तरी नव्हतं.

मीनल

हे शेवटचं वाक्य वाचून लिहितेय. मी काही वर्षं मॉरिशसमध्ये होते. तिथं आपली मराठी माणसं आहेत, पिढ्यान् पिढ्या, गणपती बसवतात. पोर्ट लुईला आमच्या गल्लीत एक चागोसच्या आजी राहायच्या. खोबऱ्याच्या कारखान्यात त्यांचं बालपण गेलेलं. बोटीवर चढवताना आईनं कुत्रा मागे ठेवला, हे त्या प्रत्येक वेळी सांगायच्या, जणू कालच घडलंय. सगळे कुत्रे नंतर मारून टाकले गेले.

दादा, त्या आजींचा दाखला चीनच्या बाजूनं देऊ नका, एवढीच विनंती. त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून पलावानच्या कोळ्यावर झालेला अन्याय लहान होत नाही. आणि चागोसमध्ये तो निकालच शेवटी उपयोगी पडला. मे २०२५ मध्ये ब्रिटननं बेटांवरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला. तळ ठेवलाय, हे खरं, आणि बऱ्याच चागोसवासीयांना आपल्याला विचारलंच नाही असं वाटतं, हेही खरं. पण कागदावरच्या निकालाशिवाय ब्रिटन बोलणी करायला बसला नसता.

नाणेघाट

मीनलताई, कुत्र्याचं माहीत नव्हतं. दाखला मागे घेतो. भारतानं किती आणि कुठल्या शब्दांत बोलावं याबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्रं फिलिपिन्सला २०२४ मध्ये पोचली. ते बोलणंच आहे, आणि निवेदनापेक्षा नीट ऐकू जातं.

खलाशी

ब्राह्मोस दिलीत याचा मला आनंदच आहे, नाणेघाट. पण क्षेपणास्त्र मासे धरायला जाणाऱ्याच्या कामाचं नाही. आणि लक्षद्वीपबद्दल तुम्ही म्हणता ते मलाही टोचतं. आपली ती भूमिका करारात बसवून दाखवायला आपल्याला जड जाईल. जायला हवं. बोलायचं तर स्वतःचंही तपासून घेऊ.

व्हिएतनामच्या भरावावर मी आधी गप्प राहिलो, ते चुकलंच. प्रवाळताईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य.

२०१६ च्या निवाड्यातली एक गोष्ट फार कमी जण सांगतात. फिलिपिन्स आणि चीन दोघेही आपलं म्हणतात त्या स्कारबरो शोलपाशी लवादानं फिलिपिनोंबरोबर चिनी आणि व्हिएतनामी मच्छीमारांचाही परंपरागत हक्क मानला. रात्री मला दिसायचे ते दिवे कुणाचेही असोत, सगळ्यांना तिथं जागा ठेवली होती. ९ जून २०१९ च्या रात्री रीड बँकजवळ नांगरलेल्या एका फिलिपिनो होडीला चिनी जहाजानं धडक दिली आणि ते निघून गेलं. बावीस माणसं पाण्यात होती. त्यांना वर घेतलं ते एका व्हिएतनामी मासेमारी होडीनं. त्याच खडपांसाठी भांडणारे दोन देश. वर घेतल्यावर त्यांना गरम भात दिला असेल, नूडल्स दिल्या असतील, मला माहीत नाही. पण होडीवर बावीस माणसं जास्त झाली की पाणी कसं मोजून द्यावं लागतं, ते मला माहीत आहे.