सीरममधलं ट्रॅनेक्झामिक ॲसिड आणि पाळीची गोळी, दोन्ही एकच का?

खडूफळा
दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. धाकट्याच्या वेळी उमटले, तो दुसरीत गेला तरी हलत नाहीत. भाचीने पुण्याहून ३ टक्के ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं सीरम पाठवलंय. म्हणते, "मावशी, अमिनो ॲसिडच आहे, बिनधास्त लाव." बाटली उघडणार तोच जाऊबाईंनी त्यांच्या गोळ्यांची पट्टी समोर धरली. पाळीत फार रक्त जातं म्हणून डॉक्टरांनी दिल्यात, आणि नाव तेच! सासूबाईंचं म्हणणं, रक्त गोठवायचं औषध तोंडाला फासू नकोस. मी बार्शीच्या उन्हात रोज स्कूटीवरून शाळेत जाते. सध्या पार्लरवालीने दिलेली ट्यूब रात्री लावते, तिच्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन असं लिहिलंय. काय करू?

हिरवीकोरफड
सीरमला पैसे कशाला घालवायचे? जाऊबाईंची एक गोळी कुटायची, कोरफडीच्या गरात कालवायची, झालं. व्हिडिओ ढिगाने आहेत.

वजनकाटा
वसईला क्रीम-लोशनच्या कारखान्यात लॅब सांभाळते, म्हणून लिहिते.

कोरफडताई, ते नको. गोळीत औषधासोबत ती बांधून ठेवणारे घटक असतात, ते चेहऱ्यावर चरचरीत पावडर होऊन बसतात. शिवाय टिकाऊपणाचा घटक न घातलेला ओला गर म्हणजे बुरशीला आमंत्रण. मुळात ती पट्टी जाऊबाईंच्या उपचाराची आहे.

खडूताई, औषध एकच, हे खरं. पण हिशेब करा. ३० मिलीच्या बाटलीत ३ टक्के म्हणजे सगळं मिळून सुमारे ९०० मिलिग्रॅम. ५०० च्या दोन गोळ्यांपेक्षा कमी! जाऊबाई कदाचित एका वेळेलाच तेवढं घेत असतील. तुमची बाटली महिनाभर तरी पुरेल, आणि त्यातलंही कातडीतून रक्तात उतरतं ते अगदी थोडं.

सासूबाईंना सांगा, हे रक्त गोठवत नाही, झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. लायसिन नावाचं अमिनो आम्ल आपल्याला डाळी-दुधातून मिळतं. ट्रॅनेक्झामिक हा त्याचा कारखान्यात घडवलेला भाऊबंद. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर जोडप्याने १९६२ मध्ये तो जगापुढे आणला, बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवण्याच्या ध्यासातून. गुठळी विरघळवणारं प्रथिन जिथे लायसिनला चिकटणार, तिथे हा एसटीत रुमाल टाकावा तसा आधीच जागा धरतो. उन्हाने कातडीतही तेच प्रथिन जागं होतं आणि रंगपेशींना चेव आणतं. तिथेही हा आडवा येतो, असं मानतात.

गुण किती? २०१४ मध्ये इराणमधल्या ५० रुग्णांवरच्या चाचणीत एका गालाला ३ टक्के ट्रॅनेक्झामिक, दुसऱ्याला हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध) आणि स्टेरॉइडचं मिश्रण, असं १२ आठवडे लावलं. डाग दोन्हीकडे सारखेच उतरले, त्रास ट्रॅनेक्झामिककडे कमी. चाचणी लहान आहे, डोक्यावर घेऊ नका. पण माल गुणी आहे: पाण्यात चटकन विरघळतो, व्हिटॅमिन सीसारखा बाटलीत तपकिरी पडत नाही.

वांगासाठी याच्या गोळ्याही देतात, तो मात्र डॉक्टरांचाच प्रांत. गुठळीचा किंवा पक्षाघाताचा इतिहास असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

मला काळजी सीरमची नाही, त्या ट्यूबची आहे. मोमेटासोन हे स्टेरॉइड. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले, तरी पार्लरमध्ये सर्रास मिळतात. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुळ्या येतात. आणि एकदम सोडली तर चेहरा भडकतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी सोडायची ते ठरेपर्यंत सीरम कपाटात राहू दे.

दुबईचीसावली
मी पाच टक्क्यांचं लावते. पहिल्या महिन्यात काहीच नाही, तिसऱ्यात कडा फिकट झाल्या. पूर्ण गेले नाहीत. सुट्टीत गावी आंब्याच्या बागेत हुंदडले, परत गडद! सनस्क्रीन मातकट रंगाचंच घ्या. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, आपल्यासारख्या सावळ्या कातडीला नुसत्या उजेडानेही वांग चढतो, तोही ते अडवतं.

खडूफळा
ट्यूब किती दिवस लावतेय ते इथे लिहायला लाज वाटते. सोलापूरला शनिवारची वेळ घेतलीय. त्यांनी हो म्हटलं तर सीरम आधी की सनस्क्रीन?

वजनकाटा
सीरम आधी, वाळलं की मॉइश्चरायझर, शेवटी सनस्क्रीन. हेल्मेटच्या काचेवर विसंबू नका. सुरुवातीचे काही दिवस फक्त जबड्याखाली लावून बघा. आग झाली, पुरळ आलं तर थांबा. दिवस राहिलेत किंवा राहायचेत असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि एकाच खिडकीपाशी, एकाच वेळेला गालाचा फोटो काढून ठेवा, आरशात रोज बघून फरक कळत नाही.