बदाम सातच्या पुढे काय शिकवू?

भुसावळची_आई: मुलगी सहाची. बदाम सातमधे चौकटची अठ्ठी दाबून बसते अन दुसरंच पान टाकते, आजोबांची नव्वी-दश्शी अडकली की खुदुखुदु हसते. रमीची तेरा पानं हातात मावत नाहीत, पुढे काय?

अमळनेरकर: ताई पाच-तीन-दोन शिकवा ना, तिघं लागतात, तीसच पानं, अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सगळी अन बदाम-इस्पिकची सत्ती. पाचवाला, म्हणजे ज्याला पाच हात करायचे तो, पहिली पाच पानं बघून हुकूम बोलतो, खरं डोकं तिथंच लागतं. सुरुवातीला पानं उघडी मांडून खेळा, चुकलं तरी सांगायचं नाही, 'हे का टाकलं' एवढंच विचारा.

धुळ्याचा_भाऊ: उघडी पानं एकदोन डावच बरं का, नाहीतर दुसऱ्याच्या हातात डोकवायची सवय लागते. मी तर म्हणतो मेंढीकोट, चौघांचा दोन जोड्यांचा डाव, दहल्या पकडायच्या; आजोबांची जोडीदार करा, हरली तरी एकटी हरत नाही म्हणून रडारड कमी, अन चार दहल्यांपैकी कोणत्या गेल्या एवढंच आधी लक्षात ठेवायला लावा. मुद्दाम हरू नका, पोरांना लगेच कळतं.

भुसावळची_आई: मेंढीकोटला चौथा कोण, हे तर ड्युटीवर 😅 पाच-तीन-दोनच सुरू करते.

धुळ्याचा_भाऊ: पोर हुशार शे, आजोबासले सांभाळा 😂