मदत हवी आहे: तीन स्वतंत्र प्रोग्राम, तरी दोघांची चूक एकच

नमस्कार मंडळी. दुधाच्या शीतकरण टाकीसाठी तापमान नियंत्रक बनवतोय. सॉफ्टवेअरमधल्या चुकीने दूध नासू नये म्हणून तिघांनी एकमेकांचा कोड न बघता तीन आवृत्त्या लिहिल्या. दर सेकंदाला तिन्हींचं मत घ्यायचं आणि बहुमत म्हणेल ते करायचं.

परवा चाचणीत सेन्सरची वायर मुद्दाम उपटली. सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडने (लायब्ररीने) -१२७ अंश दिले. दोन आवृत्त्यांनी ते खरं मानून कॉम्प्रेसर बंद केला. तिसरीने बरोबर अलार्म मागितला, पण ती एकटी पडली! वायर तुटली तर काय करायचं, हे तिघांना दिलेल्या गरजांच्या कागदावर लिहिलंच नव्हतं.

नाइट आणि लेव्हसन या संशोधकांनी १९८६ मध्ये एकाच प्रोग्रामच्या २७ आवृत्त्या दहा लाख चाचण्यांवर तपासल्या, तेव्हाही वेगवेगळ्या लोकांच्या आवृत्त्या एकाच इनपुटवर चुकल्या होत्या. त्या मानाने एअरबस ए३२० विमानात उड्डाण नियंत्रणाचे संगणक, प्रोसेसर आणि ते बनवणाऱ्या कंपन्याही वेगळ्या. आमचं वेगळेपण फक्त कोडपुरतं, हे आता खटकतंय.

दुसरी अडचण ४ अंशांच्या सीमेवर. एकीचं सरासरी तापमान ३.९८ येतं, दुसरीचं ४.०१, आणि मतं उगाच फुटतात. मतदान आकड्यांवर घ्यावं, मधला आकडा धरून, की चालू-बंदच्या निर्णयावर? आणि अलार्म मागणाऱ्या एकट्या आवृत्तीला नकाराधिकार द्यावा का? प्रत्यक्ष यंत्रावर असं काही केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.