ओस्तान्किनो: दगड नव्हे, लाकूड

एका लेखात रशियन उमरावांचे उन्हाळी महाल म्हणजे 'संगमरवर आणि सोनं' असं आलंय. त्यात एक भर घालावीशी वाटते. मॉस्कोचा ओस्तान्किनो महाल बघा. काउंट निकोलाय शेरेमेत्येव यांनी 1790 च्या दशकात बांधलेला हा महाल चक्क लाकडाचा आहे! बाहेरून गिलावा केल्यामुळे तो दगडी भासतो. आतही जे संगमरवर किंवा ब्राँझ वाटतं, त्यातलं बरंचसं रंगवलेलं लाकूड आणि कागदाचा लगदा आहे. मला ही कारागिरी खऱ्या संगमरवरापेक्षा मोठी वाटते.

महालाचा गाभा म्हणजे नाट्यगृह. खुर्च्या काढून जमीन वर उचलली की त्याच दालनात नाचाची मैफल भरे. गडगडाटाचा आवाज काढणारी यंत्रंही होती. बांधकामात पावेल अर्गुनोवसारख्या भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या, वास्तुकारांचा मोठा वाटा होता, आणि रंगमंचावर गाणारी प्रास्कोव्या झेमचुगोवा हीसुद्धा जन्माने भूदासच. काउंटने तिला मुक्त केलं आणि 1801 मध्ये तिच्याशी गुपचूप लग्न केलं. या वैभवाबद्दल लिहिताना मालकाच्या आधी या माणसांची नावं यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.